“मॅडम, ऐकू येत नाही हे ऑफिसात सांगितलं तर नोकरी जाईल का?”

परभणीकडच्या एक ताई हा प्रश्न घेऊन आल्या तेव्हा आधी दहा मिनिटं त्या भलतंच बोलत होत्या, मुलीची बारावी, सासूबाईंचे गुडघे, आणि मी काही विचारलं की नुसतं “हो हो” म्हणायच्या. एकदा मी मुद्दाम “चहा घेणार की पाणी?” असं विचारलं तरी उत्तर आलं “हो”. तेव्हा मी खुर्ची समोर ओढली, त्यांना माझं तोंड दिसेल अशी बसले आणि सावकाश बोलायला लागले, आणि ताई रडायलाच लागल्या.

वय ४३, सरकारी ऑफिसात सतरा वर्षं क्लार्क (ओळख कळू नये म्हणून थोडं बदललंय). मागच्या पाच-सहा वर्षांत दोन्ही कानांनी कमी येत गेलं. म्हणाल्या, “आवाज येतो मॅडम, पण शब्द कळत नाहीत. सगळे हसायलेत म्हणून मी बी हसते, कशाला हसायलेत काय माहीत.” अशा बहिरेपणात बऱ्याचदा असंच होतं, बारीक आवाजाची व्यंजनं आधी जातात, स्वर तेवढे राहतात, त्यामुळे घरच्यांना वाटतं की हिला पाहिजे तेव्हा बरोबर ऐकू येतं. त्यात एप्रिल लागला की ऑफिसात कूलर सुरू, मग तर काहीच नाही, आपल्याकडच्या उन्हाळ्यात कूलर बंद करा म्हणायची तरी कुणाची हिंमत. एकदा साहेबांनी सदुसष्ट नंबरची फाईल मागितली, यांनी अडुसष्टची नेऊन दिली, तीसुद्धा बाहेरचे लोक बसलेले असताना. “लक्ष कुठंय तुमचं” हे तेवढं नीट ऐकू आलं म्हणे. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

मी विचारलं, कानाची मशीन का नाही लावली? तर म्हणाल्या, मशीन दिसली की सगळ्यांना कळणार, मग “मेडिकल अनफिट” करून घरी बसवतील, आणि मुलीचं लग्न ठरवताना लोक म्हणतील हे खानदानात आहे. या दोन भीत्या माझ्याकडं इतक्या वेळा येतात की आज सविस्तर लिहायचं ठरवलं.

पहिली भीती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ (१९ एप्रिल २०१७ पासून लागू) मधलं कलम २० सरकारी आस्थापनांसाठी स्पष्ट आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर त्या कारणानं काढता येत नाही, पदही खाली आणता येत नाही. आहे ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसऱ्या पदावर घ्यायचं, तसं पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा रिटायर होईपर्यंत जादा पद करून ठेवायचं. प्रमोशनही निव्वळ या कारणानं अडवता येत नाही. प्रायव्हेटवाल्यांनो, तुम्हाला खोटा धीर देणार नाही, पद राखून ठेवण्याची ही तरतूद सरकारी नोकरीपुरतीच आहे. पण समान संधी धोरण प्रायव्हेट आस्थापनेलाही करावं लागतं, ते दाखवा म्हणून मागा.

आणि ४० टक्क्यांचा घोळ. आरक्षणाला ४० टक्के दिव्यांगत्व लागतं, पण कामाच्या जागी वाजवी सोय मागायला कायद्यात टक्क्याची अट नाही. तरी दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट काढाच, त्यासाठीच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी दवाखान्यात ऑडिओमेट्री, बेरा या ऐकण्याच्या तपासण्या करून घ्या. ताईंना बोगस सर्टिफिकेटच्या बातम्यांची धास्ती होती, लोक आपल्यालाही तसंच म्हणतील म्हणून. तपासणी खरी, त्रास खरा, मग कुणी परत तपासू द्या की.

त्यानंतर आम्ही दोन सेशन फक्त अर्जावर घालवले. पहिल्या कच्च्या अर्जात त्यांनी “कृपया सांभाळून घ्यावे” असं तीनदा लिहिलं होतं, तिन्ही मी खोडायला लावली. त्याऐवजी काय पाहिजे ते लिहिलं, कूलरपासून लांब आणि दाराकडं तोंड असलेलं टेबल, फोनचं काम दुसऱ्याकडं आणि त्याबदल्यात त्याच्याकडची टपाल नोंद ताई घेणार, फाईल नंबर आणि मीटिंगमधल्या सूचना चिठ्ठीवर किंवा व्हॉट्सॲपवर. यात खर्च काय आहे सांगा? अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही असं बजावलं होतं मी.

टेबल आठवड्यात मिळालं. फोनचं काम मात्र महिना झाला तरी तसंच. कलम २३ प्रमाणं सरकारी ऑफिसात तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, त्यानं दोन आठवड्यांत चौकशी करायची असते, तिथं समाधान झालं नाही तर जिल्हा समिती. इथं तो अधिकारी कोण हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ताईंनी “सदर अधिकाऱ्याचे नाव कळवावे” एवढंच पत्र दिलं, आणि चौथ्या दिवशी फोन दुसऱ्या टेबलावर गेला.

दुसऱ्या भीतीला कायदा पुरत नाही. मुलीलाच एकदा सोबत आणा म्हटलं. ती पोरगी सरळ म्हणाली, “मम्मी, तू मशीन लाव, मला रोज ओरडून बोलायचा कंटाळा आलाय, आणि ज्याला तुझी मशीन चालत नाही तो मला बी नको.” यातलं किती ऐकू आलं माहीत नाही, पण ताईंनी मला विचारलं, काय म्हणाली ती? मी कागदावर लिहून दिलं. तो कागद त्यांनी घडी करून पर्समध्ये ठेवला.

मशीन आता लावतात. अजून केस पुढं घेऊन झाकतात, मी काही म्हणत नाही.