पोटॅशियमचं मीठ, क्रोमियम आणि जवस घेऊन वजन उतरतं का?

दादा, पोटॅशियम क्लोराइडची पूड पाण्यात घोळून प्यायची, वरून क्रोमियमची गोळी आणि रोज जवस, असा प्रयोग घरी सुरू करू का, असं तुम्ही विचारलंय. जवस खुशाल खा. ती पूड मात्र आजच बाजूला ठेवा, हात जोडून सांगते.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, दारव्ह्याकडचे. मागच्या उन्हाळ्यात वजनासाठी म्हणून मी कमी सोडियमचं मीठ आणलं आणि तेच सगळ्यांच्या वरणात घालायला लागले. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. मामाजींना बीपीची टेल्मिसार्टन चालू होती. त्या गोळीनं पोटॅशियम लघवीवाटे कमी बाहेर पडतं, हे मला कुठं ठाऊक! महिनाभरात त्यांच्या पायातली ताकदच गेली. एक दिवस वावरातून येता येता बांधावर बसले ते उठेचनात. रक्तात पोटॅशियम 6.1 निघालं, ते साधारण 3.5 ते 5 च्या दरम्यान राहायला हवं. चढत गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून लगेच भरती करावं लागलं. अजूनही तो डबा आठवला की पोटात गोळा येतो.

तुमची पूड तर शुद्ध. चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे साधारण 6 ग्रॅम, घेतला तर 3 ग्रॅमच्या वर पोटॅशियम पोटात जातं. जवळपास अख्ख्या दिवसाचं, एका दमात.

क्रोमियमवर 2013 मध्ये कोक्रेनचा, म्हणजे उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, आढावा आला होता. वजनात फरक निघाला किलोभराचा, आणि तोही ठामपणे सांगण्याजोगा नाही.

जवस मंद आचेवर भाजा. तडतडायला लागले की उतरवा, लसूण-तिखट-मीठ घालून उखळात कुटा. 10 ग्रॅम जवसात 53 कॅलरी असतात, म्हणून चटणीवर तेल ओतू नका. पाणी मात्र भरपूर प्या, नाहीतर पोट धरतं.

मी एकच गोष्ट बदलली. रात्रीचा भात बंद, ज्वारीची एक भाकर, ही चटणी आणि पातळ वरण. दर सोमवारी उपाशीपोटी शेजारच्या सोयाबीनच्या काट्यावर उभी राहायची आणि आकडा कॅलेंडरवर लिहायची. पापड-लोणचं झालं की दुसऱ्या दिवशी किलोभर वाढलेलं दिसे. ते पाणी असतं, घाबरू नका. तीन महिन्यांत 3 किलो 400 ग्रॅम उतरले.

तुम्हाला किंवा घरात कोणाला बीपीची, किडनीची गोळी चालू आहे का, ते तुम्ही लिहिलंच नाही. आधी तेवढं सांगा.