सायको, माथेफिरू आणि अनुकंपा

गिरगावातल्या एका वाचकांनी विचारलंय: ऑफिसात ऊठसूट कुणालाही 'सायको' म्हणतात, 'सायकोपॅथ'ला मराठीत 'माथेफिरू' म्हणावं की 'मनोविकृत'? आणि चारचौघांतल्याच धडधाकट माणसात तसा स्वभाव थोडाफार दिसला, तर त्याला शब्द कोणता?

'माथेफिरू' आधी बाद करा. मथळे लिहिणाऱ्यांनी हा शब्द पार नासवलाय. सायकोपॅथचं, म्हणजे ज्याला ना भीती वाटते ना दुसऱ्याच्या दुःखाची कणव अशा माणसाचं, माथं फिरलेलं नसतं, उलट नको इतकं थंड असतं. हर्वी क्लेक्ली या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९४१ साली या विषयावर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच मुळी 'शहाणपणाचा मुखवटा' अशा अर्थाचं आहे. मुंबईत 'सायको' म्हटलं की अजून रामन राघव या खुन्याचं नाव निघतं. १९६८ साली पकडलेल्या या माणसाला स्किझोफ्रेनिया होता आणि त्या असाध्य आजारामुळेच १९८७ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याची फाशी जन्मठेपेवर आणली. तो सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भानच सुटणं; सायकोपथी नव्हे.

'मनोविकृत'चे कैवारी सांगतात की विकृती म्हणजे नुसता बदल. संस्कृतात असेल! मराठी कानाला 'विकृत' म्हटलं की किळसवाणा गुन्हाच आठवतो. व्युत्पत्ती दाखवून कान बदलत नाहीत.

सायकोपॅथमध्ये जे कमी असतं, त्याला खरा शब्द आपल्याकडे आहे आणि तो आपण सरकारी फायलीत डांबून ठेवलाय: अनुकंपा. वडील नोकरीत असताना गेले, मुलगा महापालिकेत 'अनुकंपावर लागला', एवढ्यापुरताच तो मुंबईत उरला. फोडून बघा: अनु म्हणजे मागोमाग, कंप म्हणजे थरथर. समोरचा थरथरला की त्याच्यामागे आपणही थरथरणं! 'दया'मध्ये देणारा वर असतो, 'सहानुभूती' सगळी डोक्यातली. अनुकंपा थेट अंगात होते.

प्रयोगशाळेतही थरथर मोजतात, पण ती स्वतःच्या भीतीची. भयंकर चित्र बघत असताना कानात अचानक मोठा आवाज केला, तर बहुतेकांची पापणी एरवीपेक्षा जोरात मिटते. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर पॅट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सायकोपॅथ कैद्यांच्या बाबतीत ही वाढ होत नाही. पुढे तुरुंगाबाहेरच्या साध्या पुरुषांतही, ज्यांच्यात निर्भयपणा आणि वरचष्म्याची वृत्ती जास्त, त्यांची दचक अशीच कमी भरली.

माझं म्हणणं असं की मराठीने इथे दोन वेगळी खाती फार आधीच उघडली आहेत. स्वतःवर संकट आलं की काळजात धस्स होतं. दुसऱ्याचं दुःख पाहिलं की पोटात कालवतं. पॅट्रिक यांनीच २००९ साली या स्वभावाचे तीन पदर मांडले: बेडरपणा, निष्ठुरपणा आणि बेलगामपणा. पहिल्यात धस्स होत नाही, दुसऱ्यात कालवत नाही. एक असून दुसरं नसलेली माणसं भरपूर भेटतात. म्हणून सगळ्यांना एकच शिक्का मारण्याला माझा विरोध आहे.

शिवाय हे गुण कमी-जास्त प्रमाणात असतात. सायकोपथी मोजायच्या, मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांच्या मोजपट्टीत २० बाबी, प्रत्येकीला ० ते २ गुण, एकूण ४०. उत्तर अमेरिकेत सायकोपॅथ ठरवायची रेघ साधारण ३० वर ओढतात. १२ गुणांचा माणूसही कुणाच्या तरी शेजारी राहतोच, आणि त्याला रोगाचं नाव देणं चूक.

त्याच्यासाठी मी दोन शब्द सुचवतो. ज्याला धस्स होत नाही तो 'निष्कंप', ज्याला कालवत नाही तो 'अनुकंपाहीन'. कुणी म्हणेल, निष्कंप ही तर स्तुती झाली, योग्याच्या चित्ताला लावायचा शब्द. असू दे की! मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लिकेन यांचं मतच होतं की वीर आणि सायकोपॅथ एकाच फांदीचे दोन फाटे. भायखळ्याच्या अग्निशमन केंद्रातून आगीत शिरायला निघालेला जवान निष्कंपच हवा. 'कोडगा' आणि 'निर्ढावलेला' मात्र इथे वापरू नका. त्या दोन्हींत आधी लाज होती आणि मग ती गेली, असं गृहीत आहे. ऑफिसातला जो नुसता तुसडेपणाने बोलतो, त्याला 'खडूस' पुरे.