कंटेनर चालू, पण कॉल दिसेना: या लाइनीत राहू का?

प्रश्न : सर, मी सांगलीच्या कॉलेजात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. सध्या पुण्यात एका छोट्या कंपनीत इंटर्नशिप करतेय. ही कंपनी दवाखाने आणि पतसंस्थांना आयपी फोनची यंत्रणा बसवून देते. मला होमर ही कॉल मॉनिटरिंग यंत्रणा डॉकरवर (प्रोग्राम वेगवेगळ्या बंद डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारं साधन) उभी करायला सांगितली आहे. सगळे कंटेनर 'अप' दाखवतात, लॉगिनही होतं, पण स्क्रीनवर एकही कॉल येत नाही. मित्र म्हणतात, टेलिफोनमध्ये काय ठेवलंय, सरळ क्लाउडचा कोर्स कर. आई म्हणते, या कामात रात्रपाळी असते, नकोच. काय करू?

उत्तर : कॉल का दिसत नाहीत, यातच तुझ्या करिअरच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे. म्हणून आधी तेच बघू.

कंटेनर 'अप' आहेत याचा अर्थ एवढाच, की ऐकणारा जागा आहे. त्याला कुणी काही सांगतंय का, हे त्यावरून कळत नाही. होमरच्या सातव्या आवृत्तीत कॉलच्या वाटेवर हेप्लिफाय नावाचा एजंट बसतो. तो एसआयपीची (कॉल जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संदेशांची भाषा) पॅकेट उचलतो, त्यांची प्रत पोचवणाऱ्या एचईपी प्रोटोकॉलमध्ये गुंडाळतो आणि हेप्लिफाय-सर्व्हरकडे ९०६० पोर्टवर धाडतो. सर्व्हर ती पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये लिहून ठेवतो. तू ९०८० वर जे पान उघडतेस ते होमर-अॅप, ते फक्त पोस्टग्रेसमधलं वाचून दाखवतं. मधे कुठेही साखळी तुटली, तरी लॉगिन व्यवस्थित होतं आणि पान रिकामंच राहतं.

पहिली शंका एजंटवर घे. तो डॉकरच्या नेहमीच्या, कंटेनरला वेगळं ठेवणाऱ्या ब्रिज नेटवर्कवर चालत असेल तर त्याला त्याच्या स्वतःच्याच कंटेनरची वाहतूक दिसते. फोन सर्व्हरच्या ५०६० या एसआयपी पोर्टवरची वाहतूक त्याच्यासमोरून जातच नाही. त्याला होस्ट नेटवर्कवर, म्हणजे मशीनच्याच नेटवर्कवर टाक, आणि तोही ज्या मशीनवरून कॉल खरोखर जातात तिथेच. दुसरी शंका कंपोज फाइलवर, म्हणजे कंटेनर कसे चालवायचे हे लिहिलेल्या फाइलवर. तिथे नुसतं '९०६०:९०६०' लिहिलं असेल तर डॉकर तो पोर्ट फक्त टीसीपीसाठी उघडतो. टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवायच्या दोन वेगळ्या पद्धती. एजंट यूडीपीवर पाठवत असेल तर शेवटी '/यूडीपी' लिहावंच लागतं. या एका शब्दापायी भल्याभल्यांची दुपार जाते. तिसरी गोष्ट, एजंटच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा पत्ता 'लोकलहोस्ट' दिला आहे का? ब्रिज नेटवर्कवरच्या कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः, तुझं मशीन नव्हे. हे तपासायला टीसीपीडंप हा पॅकेट दाखवणारा प्रोग्राम पुरतो. आधी ५०६० वर काही येतंय का पाहा, मग ९०६० वर, मग सर्व्हरचा लॉग. लॉगमधली वेळ बहुधा यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असेल. सकाळी दहाचा कॉल तिथे साडेचारचा दिसला तर घाबरू नकोस.

हे सगळं ठीक असूनही पान रिकामं राहिलं, तर फोन ५०६१ वर टीएलएसने, म्हणजे सांकेतिक रूपात बोलत असतील. मग बाहेर बसलेल्या एजंटला नुसता कचरा दिसणार. अशा वेळी एजंट सोडून द्यायचा आणि फोन सर्व्हरलाच एचईपी पाठवायला सांगायचं. अॅस्टेरिस्क आणि कामाइलियो या फोन सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी मॉड्यूल आहे.

आता मित्रांचं म्हणणं. वरच्या पहिल्या तीन अडचणी डॉकर जाणणारा कुणीही सोडवेल, आणि डॉकर जाणणारी मुलं हल्ली ढिगाने आहेत. चौथ्या, टीएलएसच्या अडचणीला मात्र कॉल कसा चालतो ते माहीत असलेलाच माणूस लागतो. अशीच आणखी एक अडचण बघ. दवाखान्यातून तक्रार येते, "आमचं त्यांना ऐकू जातं, त्यांचं आम्हाला नाही." कंटेनर दहादा रीस्टार्ट केलास तरी हे सुटणार नाही. होमरमध्ये तो कॉल उघडून एसडीपी, म्हणजे आवाज कुठे पाठवायचा हे सांगणारा भाग, वाचायला हवा. तिथे १९२.१६८ ने सुरू होणारा, फक्त आतल्या नेटवर्कपुरता चालणारा पत्ता बाहेरच्या बाजूला गेलेला दिसला, की रोग सापडला: आवाज कुठे पाठवायचा हेच समोरच्याला चुकीचं कळलंय. तसंच एसआयपीच्या उत्तरात ४८६ आलं तर समोरचा फोन बिझी आहे आणि ४०८ आलं तर उत्तरच आलं नाही. ५०३ म्हणजे सेवा देणाऱ्या यंत्रणेनेच हात वर केले. दोष आपला, ग्राहकाच्या राउटरचा की टेलिकॉम कंपनीचा, हे पुराव्यासह सांगणारा माणूस कंपनी सहजी सोडत नाही. म्हणून माझा सल्ला : डॉकर शीक, पण पाया एसआयपीचा धर. २००२ साली आलेला आरएफसी ३२६१ हा दस्तऐवज आजही त्याचा मुख्य आधार आहे. अख्खा वाचू नकोस, कंटाळशील. इन्व्हाइट, बाय आणि रजिस्टर (कॉल सुरू करणं, संपवणं आणि फोनची नोंदणी) एवढं आधी वाच आणि शेजारी होमरमधला खरा कॉल उघडा ठेव.

टेलिफोन जुना झाला हे तर मला मान्यच नाही. जिओने २०१६ साली सुरुवात केली ती फक्त फोर-जीवर, म्हणजे तिथला आवाज पहिल्यापासून व्होल्टीने (फोर-जीच्या डेटावरून जाणारा आवाज), आणि व्होल्टीचा कॉल जुळतो तो एसआयपीनेच. फाइव्ह-जीचं कोअर नेटवर्क तर कंटेनरवर चालवण्याच्या विचारानेच रचलं गेलं. क्लाउडचा कोर्स अवश्य कर, पण तो याच्या जोडीला. एक अडचण मात्र सांगून ठेवतो. 'होमर' हा शब्द घालून नोकऱ्या शोधल्यास तर हाती फार थोडं लागेल. व्हीओआयपी (इंटरनेटवरून जाणारे कॉल) सपोर्ट, एसआयपी इंजिनिअर, एनओसी (नेटवर्कवर चोवीस तास लक्ष ठेवणारा कक्ष) अशा नावांनी शोध.

मुलाखतीत उपयोगी पडेल असं आणखी थोडं. पोस्टग्रेसचा डेटा व्हॉल्यूमवर, म्हणजे कंटेनरबाहेर टिकणाऱ्या जागेत ठेवला नसेल तर कंटेनर काढला की कॉलचा इतिहासही गेला. होमरचा मूळ पासवर्ड सगळ्या जगाला ठाऊक आहे, तो आजच बदल. आणि डॉकरने उघडलेलं पोर्ट उबुंटूच्या यूएफडब्ल्यू या फायरवॉलला वळसा घालून बाहेर दिसतं, म्हणून ९०८० इंटरनेटवर उघडं पडलंय का, ते बाहेरून तपास. आवाज रेकॉर्ड झाला नाही तरी कोणत्या नंबरवरून कोणत्या दवाखान्यात किती वाजता फोन गेला, हे तुझ्या स्क्रीनवर दिसणार आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं भान ठेव. लिंक्डइनवर स्क्रीनशॉट टाकायचा मोह होईल. टाकायचाच तर घरी अॅस्टेरिस्कवर दोन सॉफ्टफोन (कॉम्प्युटर वा मोबाइलवर चालणारे फोनचे प्रोग्राम) जोडून केलेल्या कॉलचा टाक.

आईंची काळजी खोटी नाही. एनओसीत पाळ्या फिरतात आणि नव्या माणसाच्या वाट्याला रात्र जास्त येते. पण यंत्रणा उभारणं, ग्राहकाकडे जोडणी करणं, टेस्टिंग ही कामं बहुतेक दिवसाची असतात. ऑफर लेटरवर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारून घे : पाळी किती दिवसांनी बदलते, रात्री घरी सोडायला गाडी आहे का, आणि ऑन-कॉल असताना घरून काम चालतं का. उत्तरं तोंडी मिळाली तर एचआरला ईमेलवर लिहून मागायला लाजू नकोस, आणि ती ईमेल आईंना वाचून दाखव.