कॉलेजच्या आवारात परागीभवन करणाऱ्या कीटकांसाठी विद्यार्थ्यांनी कोणता प्रकल्प घ्यावा?

पाळीव मधमाश्यांची पेटी सगळ्यांनाच आधी सुचते, पण मी ती शेवटी ठेवेन. जगात मधमाश्यांच्या २०,००० हून जास्त जाती आहेत. बहुतेक एकट्या राहतात आणि त्यांतल्या बऱ्याच जमिनीत बिळं करून अंडी घालतात. म्हणून उन्हाचा एखादा कोपरा उघड्या मातीचाच राहू द्या. फरशी नको, पालापाचोळ्याचा जाड थरही नको. जवळ आळीपाळीने फुलणारी स्थानिक झाडं लावा. दुहेरी पाकळ्यांची फुलं दिसतात छान, पण त्यांत पराग-मकरंद बहुधा कमीच. मग दर आठवड्याला ठरावीक वेळी एकाच ताटव्यापाशी १० मिनिटं बसून कोण आलं ते टिपा. फवारणीचं मात्र बाग सांभाळणाऱ्यांशी आधीच बोलून घ्या.