आईला डॉक्सीसायक्लिन दिली आहे, छातीत जळजळतं. दुधाबरोबर द्यावी का?

दुधाबरोबर नको. ही टेट्रासायक्लिन नावाच्या अँटिबायोटिक (जंतूंवरच्या औषधांच्या) गटातली गोळी. दुधातलं कॅल्शियम तिला पोटातच धरून ठेवतं आणि रक्तात औषध कमी पोचतं. लोहाची गोळी आणि अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध यांचंही तेच, त्यांच्यात आणि या गोळीत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. पोळीभाजी खाऊन घेतली तर चालते.

जळजळीचं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. रात्री अंथरुणात बसून घोटभर पाण्याबरोबर गोळी टाकायची आणि लगेच आडवं व्हायचं, ही आपल्याकडची सवय. गोळी अन्ननलिकेत चिकटते, तिथेच विरघळते आणि आतलं अस्तर भाजल्यासारखं होतं. आईंना गोळी जेवणानंतर, मोठा पेलाभर पाण्याबरोबर, बसूनच द्या. पुढे निदान अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. तरीही गिळताना दुखलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा, पण मनाने गोळी बंद करू नका.

आणखी एक, भातलावणीला किंवा उन्हात जात असतील तर अंग झाकून जाऊ दे. या गोळीने कातडी उन्हाला पटकन भाजते.

कोकणात लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) हीच गोळी देतात, म्हणून ती घरात उरलेली असते. ती आठ वर्षांखालच्या मुलांना किंवा गरोदर सुनेला स्वतःहून कधीही देऊ नका. या गटातल्या औषधांनी वाढत्या दातांवर कायमचे पिवळे-तपकिरी डाग पडू शकतात.