संबळ वाजवू की पीएचडी करू?

प्रश्न : नमस्कार, वय २७, एमए म्युझिक झालंय. घर गोंधळ्यांचं, वडील नायक (गोंधळात मुख्य कथा सांगणारे) आणि मी संबळावर, लग्नसराईत रात्र मोकळी मिळत नाही. आता एथ्नोम्युझिकॉलॉजीत (संगीताचा त्या-त्या समाजाच्या संदर्भात अभ्यास) पीएचडी करायचं डोक्यात आहे, पण ओळखीचे एक सर म्हणाले, कलाकाराने वाजवावं, संशोधन दुसऱ्यांनी करावं. दोन्ही जमेल का? आणि पोटापाण्याचं काय?
– एक वाचक, धाराशिव

उत्तर : सरांचं फार मनावर घेऊ नका. डॉ. अशोक रानडे स्वतः तालीम घेतलेले गायक, आणि मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग उभा करणारे पण तेच, नंतर मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेत एथ्नोम्युझिकॉलॉजीचं कामही त्यांनी बघितलं. तिकडे अमेरिकेत याच विषयाचे अभ्यासक मॅन्टल हूड यांनी तर १९६० मध्येच लिहून ठेवलं की ज्या संगीताचा अभ्यास करायचाय ते आधी वाजवायला शिका. तुमच्या हातात वाजवणं आहेच, तुम्हाला शिकायचंय ते लिहिणं, आणि खरं सांगायचं तर अवघड तेच आहे.

कारण घरातल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत. वडील कथा लावतात तेव्हा संबळ नेमका कुठल्या शब्दावर थांबतो, नुसतं तुणतुणं किती वेळ चालू राहतं, साथीदाराचा हुंकार कधी येतो आणि तुम्ही परत कशाच्या इशाऱ्यावर उचलता, हे तुम्ही रोज करता पण कधी कागदावर मांडलंय का? एका रात्रीच्या रेकॉर्डिंगमधली फक्त दहा मिनिटं घ्या, ठेक्यासकट उतरवून काढा, मग वडिलांना ऐकवून विचारा की इथे लय का चढवली. त्यातून जे हाती लागेल ना, त्यावर तुमचं प्रपोजल उभं राहील. ‘गोंधळ : एक अभ्यास’ असलं शीर्षक प्लीज नको, त्यात काहीच कळत नाही.

गाइड मात्र नीट बघून घ्या. काही संगीत विभागांत अजून राग-घराण्यापलीकडे बघत नाहीत, तिथे डोकं आपटण्यापेक्षा मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी बघा, नाहीतर एखाद्या मानववंशशास्त्र विभागात चौकशी करा, प्रवेशाचे नियम आधी विचारून घ्या.

आता पैसे. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,०००, पण तिची वयोमर्यादा ३० आहे (प्रवर्गानुसार सवलत मिळते, सर्टिफिकेट आत्ताच काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात तहसीलच्या चकरा नकोत), म्हणून हे पुढच्या वर्षावर ढकलू नका. सांस्कृतिक मंत्रालयाची ज्युनिअर फेलोशिपही आहे, २५ ते ४० वयासाठी, महिना १०,०००, दोन वर्षं, एवढ्यावर घर चालत नाही पण फिरण्याचा खर्च निघतो. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स पण संशोधनाला ग्रँट देते. नोकरीचं मात्र खोटं सांगत नाही, या विषयाच्या नावाने निघणाऱ्या जागा आपल्याकडे फारच कमी, त्यामुळे सुपाऱ्या (गोंधळाची कामं) बंद करू नका. लग्नसराईत वाजवा आणि रेकॉर्ड करा, चातुर्मासात कामं कमी असतात तेव्हा बसून लिहा.

रेकॉर्डिंग मोबाईलवर नको, साधा का होईना रेकॉर्डर घ्या, वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवणारी) ठेवा आणि त्याच रात्री तारीख, गाव, यजमान, कोण काय वाजवत होतं हे वहीत टिपा. गुरुग्रामला एथ्नोम्युझिकॉलॉजीचं अर्काइव्ह आहे, एआरसीई, १९८२ ला पुण्यात सुरू झालेलं, तिथे जाऊन जुन्या फील्ड रेकॉर्डिंगची नोंद कशी ठेवतात ते एकदा बघून याच.

आणि परवानगी! दुसऱ्या फडाचं रेकॉर्ड करताना आधी विचारा, ते कुठे वापरणार, यूट्यूबवर टाकणार की नाही हे त्यांना समजेल असं सांगा, त्यांचा होकारही रेकॉर्ड करा, मानधन द्या, कॉपी द्या. वडिलांनाही असंच विचारा, घरचे आहेत म्हणून गृहीत धरू नका, देवीपुढचं काही बाहेर जाऊ नये असं त्यांना वाटत असेल तर तेवढा भाग थिसिसमध्ये घ्यायचा नाही, गाइड कितीही मागे लागले तरी.