एकतीस नंबरचा कीपर

"पोरगा खेळातच करिअर करायचं म्हणतोय. आम्ही किती वर्षं थांबायचं?" मी समुपदेशक. वर्षातून दहा-बारा वेळा तरी हा प्रश्न माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसतो. मुंबईत हे बहुतेक क्रिकेटवाल्यांचे आईवडील असतात आणि त्यांना काय सांगायचं ते मला आता पाठ झालंय. 2025 च्या ऑगस्टात नायगावचं एक कुटुंब आलं आणि ते पाठांतर फारसं कामाला आलं नाही. त्यांचा मुलगा फुटबॉलचा गोलकीपर होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. तिघांना विचारूनच लिहितेय.)

मुलगा तेवीस वर्षांचा. उंची एवढी की माझ्या दारातून आत येताना गरज नसतानाही वाकला. वडील बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टर, आई घरून पोळीभाजीचे डबे देते. पोरगा दोन हंगाम महाराष्ट्राबाहेरच्या एका क्लबात होता, देशातल्या दुसऱ्या पायरीच्या लीगमध्ये. 31 मेला करार संपला आणि नवीन काही आला नाही. वडिलांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून टेबलावर पसरला. रेल्वेच्या क्रीडा कोट्यातल्या भरतीची जुनी जाहिरात होती. "वय 18 ते 25" या ओळीखाली लाल पेनाने दोन रेघा.

"दिवाळीनंतर चोवीस पूर्ण होतील ह्याला," ते म्हणाले. "मग उरलं एक वर्ष. तेही बाकावर बसून घालवायचं का, एवढंच विचारा तुम्ही त्याला."

मी वहीत पानाच्या वर खूण म्हणून 'एक नंबर' असं लिहिलं. नाव लिहायचं टाळते मी, आणि कीपर म्हटल्यावर तेच सुचलं, संघाच्या पहिल्या कीपरच्या जर्सीवर एक असतो ना. पोराने समोरून उलटं वाचलं.

"एक नंबर दुसऱ्याचा होता, मॅडम. माझा एकतीस."

तासभर बोलून जे कळलं नसतं ते या एका वाक्यात होतं. मैदानावरच्या दहा जणांच्या जागा सामन्यागणिक हलतात. कोणी दमतो, कोणाला कार्ड मिळतं, बदली खेळाडूला शेवटची वीस मिनिटं तरी मिळतात. कीपर बदलत नाही. एकदा एक नंबर ठरला की तो जायबंदी होईपर्यंत नाहीतर त्याचा फॉर्म पार जाईपर्यंत दुसऱ्याने आठवडाभर त्याच्याइतकाच घाम गाळायचा, सामन्याआधी त्यालाच शॉट मारून तयार करायचं आणि मग बिब घालून बाकावर बसायचं. दोन हंगामांत हा मुलगा तीन सामने खेळला होता. तिसरा अर्धाच.

वडिलांना मी आधी वेगळं बसवलं. असे वडील हट्टी असतात असं आपण पटकन ठरवून टाकतो. हे हट्टी नव्हते, घाबरलेले होते. त्यांचे वडील गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा हे शाळेत होते, आणि 'दोन महिन्यांत मिटेल' हे वाक्य त्यांनी घरात दोन वर्षं ऐकलं. पुढे बेस्टचा बिल्ला मिळाला तेव्हा कुठे आईने पेढे वाटले. "महिंद्रा युनायटेड आठवते का तुम्हाला?" त्यांनी मला विचारलं. मला आठवत नव्हती. 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा संघ, 2010 मध्ये बंद केला. "कूपरेजला जाऊन मॅच बघितल्यात मी त्यांच्या. एवढी मोठी कंपनी, तिचा संघ जातो. आणि आता जुलैत बातमी आली, आयएसएलचाच, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या लीगचाच, पुढचा हंगाम लांबणीवर. तिथली पोरं घरी बसलीत, मग आमचं काय घेऊन बसलात!"

या बोलण्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं आणि मी खोडलंही नाही.

मुलाचीही बाजू होती. कीपर उशिरा पिकतो. पळण्यावर पोट असलेला विंगर तिशीत ओसरायला लागतो, तेव्हा कीपर कुठे जागा घ्यायला शिकलेला असतो. इटलीचा दिनो झोफ 1982 चा विश्वचषक चाळिसाव्या वर्षी जिंकला. बुफॉन पंचेचाळीस वर्षांचा होऊन 2023 मध्ये थांबला. इजिप्तचा एल हदारी 2018 च्या विश्वचषकात पंचेचाळीस वर्षांचा असताना उतरला आणि त्याने पेनल्टी अडवली. हे सगळं मुलाने घरी एकदा जेवताना सांगितलं होतं. वडिलांनी ताटावरून मान वर न करता म्हटलं होतं, "तो इजिप्तचा. आपण नायगावचे."

म्हणजे घरात दोन घड्याळं चालू होती. रेल्वेचं पंचविसाला बंद पडणारं, कीपरचं तिशीत कुठे चाल धरणारं. दोन्ही खरी. आईवडिलांना मी नेहमी हे आधी मान्य करायला लावते, कारण भांडण 'कोण बरोबर' यावर अडलं की कोणीच हिशोब करत नाही.

पण हे सगळं झालं करिअरचं. दुसऱ्या भेटीला मुलगा एकटा आला आणि करिअर बाजूलाच राहिलं.

तो तिसरा, अर्धा सामना. एक नंबरच्या खांद्याला लागलं, साठाव्या मिनिटाला ह्याला उतरवलं. डावीकडून उंच क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलासमोर टाकलेला चेंडू, आला, ह्याचे दोन्ही हात चेंडूला लागले, आणि चेंडू हातांतून निसटून मागे गोलात. संघ एका गोलाने हरला. अकरा सेकंदांची क्लिप कोणीतरी हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावून फिरवली. बहिणीच्या सासरच्या ग्रुपवरही ती पोचली.

"दिवसातून किती वेळा बघतोस?"

"दिवसा नाही बघत. रात्री."

झोप तीन-साडेतीनला. जेवण बरं, पण भाकरी मोडून तशीच ठेवतो असं आई म्हणाली होती. मित्रांचे फोन घेत नव्हता. मी त्याला सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? पालकांना वाटतं असं विचारल्याने डोक्यात नसलेलं येईल. तसं होत नाही. उलट ज्याच्या डोक्यात असतं त्याला बोलायला जागा मिळते. जर्मनीचा गोलकीपर रॉबर्ट एन्के 2009 च्या नोव्हेंबरात आपल्या हाताने गेला. नैराश्यावर उपचार चालू होते आणि बाहेर कोणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून फुटबॉलमध्ये या विषयावर थोडंफार उघड बोललं जातं. आमचा मुलगा "नाही" म्हणाला, आणि ते 'नाही' मला खरं वाटलं. तरी पुढच्या प्रत्येक भेटीत मी पुन्हा विचारलं. रात्री माझा फोन बंद असतो, म्हणून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्याच्याकडून मोबाइलमध्ये भरून घेतला.

मग मी एक चूक केली. म्हणाले, "ती क्लिप डिलीट कर. विसरायला वेळ लागतो, पण विसरता येतं."

त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं मी कंडक्टरला तिकिटं फाडू नका म्हटलंय. "विसरून कसं चालेल? पुढचा क्रॉस तसाच येणार ना."

खरंच होतं. मी परीक्षेत नापास झालेल्या मुलांना सांगते ते याला सांगत होते. चूक बघणं हा याच्या कामाचा भाग आहे. तो रात्री अंधारात एकट्याने आणि हसऱ्या चेहऱ्यांसकट बघत होता, तिथे घोटाळा होता. म्हणून ठरवलं की क्लिप एकदाच बघायची, दिवसा, त्याच्या जुन्या कीपर प्रशिक्षकासोबत, आणि चेंडू हाताला लागायच्या आधीचे तीन सेकंद बघायचे. पुढच्या भेटीला आला तो माझ्या टेबलाशेजारी उभा राहून दाखवायलाच लागला. "हात ठीकच होते, मॅडम. पाय बघा." गुडघे थोडे वाकवले, टाचा किंचित उचलल्या. "इथे सेट व्हायला पाहिजे होतो. मी अजून एक पाऊल टाकत होतो." अर्ध्या पावलाचा उशीर. 'मीच असा आहे' इथून 'पाय उशिरा पडला' इथपर्यंत यायला पाच आठवडे गेले होते. त्या रात्री तो किती वाजता झोपला ते मी मुद्दाम विचारलं नाही. आईनेच फोन करून सांगितलं, साडेबारा.

एकदा पाऊस धो-धो होता आणि तो सरावावरून थेट आला. बॅग उघडली तसा खोलीत ओल्या रबराचा आणि घामाचा वास भरला. ग्लोव्हजच्या तळव्यांचं लॅटेक्स दोन ठिकाणी झिजून खालचं कापड दिसत होतं, आणि त्याच्या उजव्या हाताची करंगळी सरळ होत नव्हती. हे ग्लोव्हज तो रोज रात्री मोरीत कोमट पाण्याने धुतो. कोरडं लॅटेक्स पकडत नाही म्हणून सामन्यात ओले ठेवायचे. उन्हात घातले तर तडकतं म्हणून गॅलरीतल्या दोरीवर आतल्या बाजूला वाळवायचे. आई त्यांना "ते पंजे" म्हणते आणि डब्यांच्या फडक्यांपासून हातभर लांब ठेवते. एवढा हिशोबी मुलगा स्वतःच्या पुढच्या दोन वर्षांचा हिशोब मात्र करत नव्हता. तो विषय निघाला की म्हणायचा, "बघू."

तिघांना एकत्र बसवलं तेव्हा मला मनातून जरा हुशारी मिरवायची होती, कबूल करते. इस्रायली संशोधकांचा 2007 चा एक अभ्यास आहे. त्यांनी 286 पेनल्टी तपासल्या. शंभरातले जवळपास 29 फटके गोलाच्या मध्यावर मारलेले, पण कीपर मध्यात उभा राहिला तो शंभरात सहाच वेळा. बाकी वेळा डावीकडे किंवा उजवीकडे झेप. काहीच न करता गोल खाणं जास्त बोचतं, म्हणून झेपायचं. मला वडिलांना सांगायचं होतं की घाईने एका बाजूला उडी घेऊ नका.

वडील मान हलवत होते. पोरगाच म्हणाला, "पण मॅडम, मधेच उभा राहिलो आणि गोल गेला, तर प्रशिक्षक मला पुढच्या मॅचला उतरवेल का?"

वडील हसले. माझ्या खोलीत पहिल्यांदाच. "तेच तर सांगतोय मी. उभं राहून चालत नाही."

दोघांचं एकमत झालं, आणि तेही माझ्याविरुद्ध! असो, समुपदेशकाच्या फीमध्ये हेही येतं.

त्यानंतरचं बोलणं सोपं गेलं. नोकरी की खेळ असा प्रश्न घेऊन ते आले होते, पण क्रीडा कोट्याची भरती खेळणाऱ्यासाठीच असते आणि मध्य, पश्चिम रेल्वेचे संघ मुंबईत फुटबॉल खेळतात, हे वडिलांनी जाहिरात शंभरदा वाचूनही कधी बोलून दाखवलं नव्हतं. आणि मुलाने जाहिरात वाचलीच नव्हती. वाचल्यावर त्याला दोन गोष्टी टोचल्या. कामगिरी अलीकडच्या वर्षांतली आणि ठरावीक स्पर्धांतलीच धरतात, म्हणजे नुसतं मोठ्या क्लबच्या बाकावर बसून कागद तयार होत नाही. आणि वरच्या पातळीच्या पदांना पदवी लागते, ह्याचं बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलेलं.

आई तोवर गप्प होती. ती म्हणाली, "मग जिथे खेळायला मिळेल तिथे खेळ ना. नाव लहान असेना."

तेच झालं. पैसे निम्म्याहून कमी, पण मुंबईच्या लीगमधल्या एका छोट्या संघाने त्याला पहिला कीपर म्हणून घेतलं. मुक्त विद्यापीठात बी.कॉम.चं अर्धवट राहिलेलं पुन्हा सुरू केलं. रेल्वेची जाहिरात आली की अर्ज भरायचा हे त्याने कबूल केलं, आणि सव्वीस पूर्ण होईपर्यंत व्यावसायिक क्लबांच्या ट्रायल द्यायला घरातून ना नाही हे वडिलांनी. ही तारीख त्यांनी माझ्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिली, लाल पेन मागून घेऊन. रेल्वेत लागलाच तर बाहेरच्या क्लबाकडून खेळायला परवानगी मागावी लागेल हेही बोलून झालं. ते तेव्हा बघायचं. या वेळचं 'बघू' मला चाललं.

सगळं गोड झालं असं नाही. नोव्हेंबरात एका सामन्यात त्याने चार गोल खाल्ले आणि दोन रात्री पुन्हा तीन वाजले. कृत्रिम गवतावर पडून कोपरांची सालं निघालेली असायची. बहिणीच्या सासरचे अजून विचारतात, "काय करतो सध्या?"

जानेवारीत वडिलांचा फोन आला. रेल्वेच्या ट्रायलला तेच सोबत गेले होते, दिवसभर उन्हात उभे होते. निकाल लागायचा होता. मी विचारलं, कसं झालं?

"कीपर सतरा आले होते, मॅडम. आपला बरा झाला. दोन शॉट चांगले काढले." मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, शेजारी तो ऐकत असावा, "पण क्रॉसला सुटायला अजून उशीरच करतो हो. त्या प्रशिक्षकाला तुम्ही जरा सांगाल का?"